गोरखचं वाजाप

६ डिसेंबर ७३, गुरुवार

ही वही कारखान्याची हाय. वाफेचा आकडा ल्हिवायला गोरखनं आनलेली, कोरीच राह्यली. छापील रकानं हायत, तारीख, पाळी, दाब, शेरा. त्यो आता पाळीवर जात न्हाई, तवा वही बी रिकामी आनि मी बी. चौथी पास हाय म्हनलं. गुरुजी म्हनायचे, बनूचं अक्षर मुंग्यावानी चालतं. चालू दे. मुंग्या कुटं तरी पोचत्यात.

दाबाच्या रकान्यात ल्हिवते, लई हाय.

नोव्हेंबरच्या एक तारखेला कारखान्याची मोळी झाली. पहिली मोळी गव्हानीत टाकायचा मुहूर्त असतो, बँड असतो, पेढे असत्यात. त्या दिवशी बॉडीत मानूस मेला. बॉडी म्हंजी उसाचा रस आटवायची लोखंडी टाकी, आमच्या घरायेवढी. बन्सी नावाचा जामखेडाकडचा गडी आत नळ्या खरवडायला गेल्ता. त्यो आत असतानाच झाकन लागलं आनि वाफ सुटली. कारखान्यानं कागूद केला, की त्याची तंबाखूची चंची आत राह्यली म्हनून त्यो आपनहून परत आत घुसला. मिटलं.

गोरख तिथं फिटर. तवापास्नं घरी हाय. चिमनीयेवढं खातो. ईचारलं तर भितीकडं बघतो. नि आठ दिस झालं, गोठ्यात वाजीवतोय.

मी म्हनलं, "बाबा, लगीन झालं तुझं. आता वरात कुनाची?"

हसला न्हाई. माझा पोरगा हाय आनि हसला न्हाई, हितंच मी घाबरले.

९ डिसेंबर, रविवार

काय वाजीवतो ते ल्हिवून ठिवते, न्हाईतर कुनी पटवून घेनार न्हाई.

गोठ्याच्या आढ्याला तारेनं पाच नळ टांगलेत, थोरल्यापास्नं धाकट्यापातूर. कानशीनं घासून घासून त्यांचा सूर लावलाय. एक तेलाचा बॅरल, त्यात साखळी. एक करवतीचं लांब पातं. एक सायकलचा पंप. मी सगळ्यास्नी नावं ठिवली. बॅरल म्हंजी माझी सासू, पोट मोठं आनि कुरकुर आतनं. पंप म्हंजी मामंजी, दमेकरी. करवत नणंद. आनि पाच नळ ह्या पाच जावा, एकीचा दुसरीशी मेळ न्हाई.

विजूला, सूनबाईला, हे सांगितलं तवा पदर तोंडात कोंबून हसली. सहावा म्हैना हाय तिला. म्हनली, "आत्याबाई, आनि मी कोन?" मी म्हनलं, "तू म्हस. सगळं ऐकून उभी ऱ्हातीस."

पर वाजाप सुरू झालं की हसू जातं. रोज चार वाजता कारखान्याचा भोंगा झाला की बसतो. आधी सासूबाई. साखळी बॅरलात सावकाश फिरती, आवाज कानात न्हाई, पोटात येतो. मग मामंजींचा पंप, फूस, फूस, लांबत जातो. मग करवत वाकवून तिच्यावर दोरी वढतो, तवा असं वाटतं की कुनीतरी दात मिटून रडतंय. मग सगळंच एकावर एक चढतं. पत्रं थरथरत्यात, दात दुखत्यात, म्हस दावं तोडायला बघती. आनि एकदम गप.

मग सगळ्यात धाकटी जाऊ. बारीक ठोका.

एक लांब. दोन आखूड. एक लांब.

मोठ्या आवाजाला मानूस कानावर हात ठिवतं. ह्या बारक्याला कान पुढं करावा लागतो. केलास की मेलास, पाठीवर काटा येतो.

मग त्यो पान्हा उचलून थोरल्या नळावर एकच ठोका देतो, जवाब दिल्यावानी, ठन्न. की बारका ठोका घाईघाईनं परत. लांब, दोन आखूड, लांब. लांब, दोन आखूड, लांब. लांब, दोन… हितं तुटतं. रोज हितंच. मी मोजलंय. बायका जात्यावरच्या वव्या मोजत्यात, मी हे मोजते.

वाजीवनारं पोरगं बहकलेलं न्हाई. बहकलेल्याचं रोज येगळं ऱ्हातं. ह्याला चाल हाय.

झालं की माझ्याकडं बघून ईचारतो, "आई, हे कोन वाजीवतंय?"

मी म्हनलं, "तुझा बा. वरनं."

उठून गेला.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आता त्याला मानसं लागत्यात ऐकायला. येनाऱ्याजानाऱ्याला हात धरून गोठ्यात बसवतो.

आज भजनी मंडळाचा कारभारी आला. मीच बलीवलं. म्हनलं, तुमी तालाची मानसं, पोराला येखांदा अभंग धरून द्या, बोटं तरी देवाकडं लागतील. चौघं आले, पखवाजासकट. गोरखनं त्यास्नी पेंढीवर बसीवलं आनि सुरू केलं.

करवतीपातूर कारभारी मान हालवत हुता, मोठ्या मानसासारखी. सगळं चढलं तवा टाळवाला भायेर पळाला. गप झालं तवा दुसरा. बारका ठोका लागला आनि कारभाऱ्याचा चेहरा पिठावानी झाला. गोरखनं ईचारलं, "कारभारीनाना, तुमचा कान चांगला. सांगा, हे कोन वाजीवतंय?"

"भूत हाय रं हे! भूत वाजीवतंय!" म्हनत उठला. पखवाज हितंच, एक व्हान हितंच. मी मागनं वरडले, "नाना, ही व्हान भुताला दिऊ का?" सगळी आळी हसली. मी बी.

घरात आले तर गोरख चुलीम्होरं बसलेला. म्हनला, "भूत न्हाई आई. दोनच गोष्टी हायत. भूत तिसरं हाय, ते न्हाई."

कुठल्या दोन, ते सांगितलं न्हाई.

१७ डिसेंबर, सोमवार

विजूचा बाप काकासाहेब काष्टीहून गाडी जुंपून आला. बसला बी न्हाई, पानी बी न्हाई.

"विहीणबाई, पोटात लेकरू हाय पोरीच्या. हे असलं ऐकून काय जल्माला यायचं?"

मी म्हनलं, "फिटर जल्माला यील."

"चेष्टा पुरं. वाजाप बंद झाल्याबिगर माझी पोर ह्या उंबऱ्यात न्हाई यायची. बाळंतपन झालं तरी न्हाई."

विजू गाडीत बसताना मला हळूच म्हनली, "आत्याबाई, मला भ्या आवाजाचं न्हाई वाटत. गप झाल्यावर त्यो जसा बघतो, त्याचं वाटतं."

गाडी गेली. गोरख गोठ्यातनं भायेर आला न्हाई.

दाब. काय ल्हिवू.

२२ डिसेंबर, शनिवार

चावडीवर बैठक झाली. शेजारच्या झुंबरबाईनं तक्रार घातली, की हिच्या गोठ्यापायी माझ्या म्हशीनं दूध चोरलं. झुंबरीची म्हस पाडवा झाल्यापास्नंच भाकड हाय, पर ते मी भरल्या बैठकीत बोलले न्हाई. म्हंजी बोलले, पर हळू.

ठरलं असं. सक्रांतीपातूर वाजाप बंद न्हाई झालं तर चार गडी धरून गोरखला येड्याच्या दवाखान्यात नेऊन घालायचा. कारभारीनानाच म्हनला, दोन्ही व्हाना घालून. "बनुबाई, वाईट वाटून घिऊ नगा. गावाला झोप न्हाई."

मी म्हनलं, "नाना, तुमच्या भजनानं आमाला कदी झोप आली? आमी कुनाला कुठं धाडलं का?"

कुनी हसलं न्हाई. पहिल्यांदाच असं झालं, की मी बोलले आनि कुनी हसलं न्हाई.

घरी यिऊन पान्हा, साखळी, पंप, समदं कनगीत लपीवलं. म्हनलं, बांबूच न्हाई तर बासरी कशी वाजंल. चारचा भोंगा झाला. त्यानं शोधलं न्हाई, भांडला न्हाई. गोठ्यातल्या लोखंडी खांबाला कपाळ टेकलं आनि कपाळानंच ठोका द्याला लागला. लांब, दोन आखूड, लांब. रगात आलं. तरी लांब, दोन आखूड.

मी पळत जाऊन पान्हा आनून हातात दिला. माझ्याच हातानं.

२७ डिसेंबर, गुरुवार

कपाळाला हळद लावत हुते. तवा बोलला. तोंड भितीकडं, पर बोलला. तो बोलला तसं ल्हिवते.

"आई, बॉडीचं झाकन मी लावलं. सोळा नट हायत, सोळाच्या सोळा मी आवळलं. लावायच्या आधी आत तोंड घालून ईचारलं, कोन हाय का रं आत? भायेर बँड चालू हुता. मागनं वरचा मानूस वरडत हुता, मुहूर्त टळतोय, आवळ, आवळ. मला जवाब ऐकू आला न्हाई. म्हंजी जवाब नव्हताच, का आला न्हाई, ते म्हाईत न्हाई."

मी हळद लावत ऱ्हायले.

"वाफ सोडली. आता थंड्या नळात वाफ शिरली की नळ ठोकं देत्यात. दर साली देत्यात. ताजा फिटर घाबरतो, जुना हसतो. तसं ठोकं आलं. लांब, दोन आखूड, लांब. खुर्चीवरची पावनी मंडळी म्हनली, शुभशकुन हाय, मशीन बी ताल धरतंय. टाळ्या वाजीवल्या त्यांनी."

माझा हळदीचा हात त्यानं बाजूला सारला.

"आनि मला चेष्टा सुचली, आई. तुझीच खोड. मी पान्ह्यानं भायेरनं जवाब दिला. ठन्न. की आतनं घाईनं ठोकं. मी हसलो. बाजूच्याला म्हनलं, बघ, बॉडी बोलती माझ्यासंगं. मग थांबलं."

दुसऱ्या दिशी उघडली तवा बन्सी.

"नळ असंच वाजत्यात, आई. दर साली. हे बी नळच असंल. असंल ना? मी म्हैनाभर तसाच आवाज करून बघतोय. नळाचा असा येतो का, मानसाचा असा येतो. मला काय कळंना. लावून लावून आता दोन्ही सारखंच वाटत्यात."

मी म्हनलं, "नळच हुता बाबा. नळच."

"तू आई हायस," म्हनला. "तू दुसरं काय म्हननार."

तुझीच खोड. हे त्यानं रागानं न्हाई म्हनलं. रागानं म्हनला असता तर बरं.

३० डिसेंबर, रविवार

सकाळी हातरुन रिकामं. इहिरीवर गेले. थारोळ्यावर बसला हुता, पाय आत सोडून. चाळीस हात पानी हाय.

जवळ गेले न्हाई. लांबनंच म्हनलं, "पवायला येत न्हाई तुला. लोक हसतील. फिटर म्हनं बुडाला."

"आई, मला कुनी खरं सांगितलं ना, नळ हुता, तर मी उद्या पाळीवर जाईन. मानूस हुता, तर…" पान्याकडं बघितलं. "पर कळल्याबिगर न्हाई. न कळता काहीच करता येत न्हाई. जगता बी न्हाई, ते बी न्हाई."

दोन घंटं मी तिथं बसून त्याला शेजारनीच्या भाकड म्हशीच्या गोष्टी सांगितल्या. उठला. घरी आला. चारला गोठ्यात.

म्हंजी असं हाय. न कळण्यानं पोरगं जगतंय आनि न कळण्यानंच मरतंय. सक्रांतीला पंधरा दिस.

ज्याचं ऐकून त्यो मानंल असं एकच मानूस मला दिसतंय. आनि त्या मानसाम्होरं मी कुठल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ.

५ जानेवारी ७४, शनिवार

गेले. नगराहून जामखेडची एस्टी, पुढं दीड कोस पायी. गावात चिटपाखरू न्हाई, सगळी ऊस तोडायला आमच्याकडंच गेलेली. बन्सीची बायको केशरबाई एकटी वट्यावर कुळीथ पाखडत बसली हुती. तिशीची असंल. कपाळ उघडं, अजून सवय न्हाई कपाळाला. बोलता बोलता हात टिकलीकडं जातो आनि माघारी येतो. माझा बी जायचा.

मी कोन ते सांगितलं. सूप थांबलं.

"फिटरची आई?"

"व्हय."

"कारखान्याकडून कागूद आलता. मानूस तुमी पहिल्याच." मग उठली आनि मला पानी दिलं.

मी म्हनलं, "बाई, मी आठरा सालं झालं अशी हाय. पहिल्या साली लोक रडीवत्यात. दुसऱ्या साली इसरत्यात. तिसऱ्यापास्नं आपून हसायला मोकळ्या."

माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्हनली, "तिसरं साल लई लांब हाय वो."

मग तिच्या मालकाचं बोलत बसली. ऐकायला कुनी नव्हतं तिला. "त्यांची बोटं कदी थांबली न्हाईत बगा. लेझमीत ढोल त्यांचाच. घरी येताना भाकरीच्या डब्यावर वाजीवत यायचे. वळनावर डबा वाजला की म्या चुलीवर तवा ठिवायची. दारात आले की तळव्याची एक थाप. म्हंजी आलो. हाक म्हनून मारली न्हाई कदी, थापच." तिनं ओट्यावर थाप मारून दावली.

मी ऐकत हुते, पर ध्यान न्हाई. ढोल काय, डबा काय. मला पंचाईत, हिला सांगावं कसं.

शेवटी सांगितलं. सोळा नट, बँड, टाळ्या, पान्हा. पान्ह्याचं बी सांगितलं. म्हनलं लपीवलं तर फुकट आले. तोंडापातूर आलं हुतं, बाई, नळ हुता म्हनून सांग त्याला, पाया पडते. न्हाई बोलले. तिचा नवरा गेलाय. तिला मी काय बोलायला शिकवू.

सुपातलं कुळीथ सारखं करत तिनं ईचारलं, "त्यो वाजीवतो, ते तसंच असतंय? जसं आतून आलं तसं?"

"तसंच म्हनतो."

"म्या येते," म्हनली. "मला बी कुनी सांगितलं न्हाई शेवटी काय झालं. तेवढं तरी ऐकते."

१३ जानेवारी, रविवार, भोगी

केशरबाई काल आली. आज भोगीची भाजी, तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. तिनं दोन घास खाल्लं. गोरखनं तिच्याकडं बघितलं बी न्हाई, भितीला पाठ लावून बसला, शाळेत मार खायला उभं केल्यावानी.

वळखत हुता. बन्सीनं कदी तरी बायकोचा फोटू दावला हुता म्हनं पाळीवर.

चारला भोंगा झाला. तिनंच म्हनलं, "चल बाबा. वाजीव."

गोठ्याम्होरं आळी जमली, लांबनं. झुंबरी बी. केशरबाई पालथ्या पाटीवर बसली. सासूबाई सुरू झाल्या. मी बाईकडं बघत हुते. करवतीला कारभारी घाबरला, ही न्हाई. सगळं चढलं, पत्रं थरथरलं, हिची पापनी हालली न्हाई. आजपातूर एवढ्या शांतपने ते कुनी ऐकलं न्हाई.

मग गप. मग बारका ठोका.

लांब. दोन आखूड. लांब.

तिनं डोळं मिटलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. थंडी हुतीच, गोठ्यात झोंबतं.

ठन्न. घाईचे ठोकं. लांब, दोन… तुटलं.

गोरखनं ईचारलंच न्हाई. रोज ईचारतो, आज तोंडच उघडंना.

"परत," ती म्हनली.

परत वाजीवलं.

"आता नुसतं शेवटलं. बारकं."

ते बी वाजीवलं. तिसऱ्या बारीला मला वाटलं, ही उठून त्याचा गळा धरती. धरला असता तर मी मधी पडले नसते.

डोळं उघडलं आनि म्हनली, "नळ हाय रं बाबा."

गोरख म्हनला, "कशावरनं?"

"कशावरनं काय? माज्या मालकाचा हात म्या वळकत न्हाई व्हय? ढोल वाजीवनारे ते. त्यांच्या हाताला जोर. असली रडकी टकटक त्यांची न्हाई. ही लोकंडाची कुरकुर हाय."

"आनि मी जवाब दिला त्यो…"

"लोकंडाला दिलास. लोकंडाला काय कळतंय."

"मग बन्सीदा…"

"ते आदीच गेले आसतील. वाफेच्या पहिल्या दमाला. त्यान्ला ठोकं मारायला सुद पायजे ना. सुद नसंलच." एवढं बोलून तिनं पानी मागितलं.

गोरख खाली बसला. मातीवर. आनि असा रडला, की आळीतली मानसं आपनहून घरी गेली. झुंबरी डोळं पुसत गेली, तिला आता महिनाभर चिडवायला नगो.

मग उठून त्यानं नळ काढले. एकेक करून तार सोडली. धाकटी जाऊ शेवटी काढली. चारी बाजूनं पुसून भितीला लावून ठिवली. दिस मावळायच्या आत आडवा झाला नि घोरायला लागला. दोन म्हैन्यात मी ते घोरनं ऐकलं नव्हतं. सगळ्यात गोड वाजाप त्ये.

मी केशरबाईच्या पाया पडायला गेले, तर पाय वढून घेतले तिनं. "तुमी थोरल्या हाईत," म्हनली.

१४ जानेवारी, सोमवार, सक्रांत

बायका वाणाला चालल्या हुत्या, नटून. आमा दोघींना कोन बलीवतं. मी केशरबाईच्या हातावर तिळगूळ ठिवला, तिनं माझ्या. म्हनलं, "घ्या, आपलं आपून वाटलं. गोड बोला."

"बोलले की," म्हनली ती.

दुपारची एस्टी. फाट्यावर नेऊन घातली. खिडकीजवळ बसली, हात भायेर, गाडीच्या पत्र्यावर. कंडक्टर च्या प्यायला गेल्ता. मी खाली उभी. विजूचं सांगत हुते, की गोरख शनवारी काष्टीला जाऊन तिला घिऊन येनार, कालच म्हनला.

तिचं ध्यान नव्हतं. तिची बोटं पत्र्यावर हालत हुती. लांब. दोन आखूड. लांब.

मला हसू आलं. म्हनलं, "काय बाई, माझ्या पोराची चाल तुमच्या बोटाला लागली वाटतं."

"लागली," म्हनली. खाली बघितलंच न्हाई.

लांब, दोन आखूड, लांब. मी बी मनात मोजाया लागले, खोडच हाय. लांब, दोन… हितं आमचं तुटतं. दीड म्हैना मी ऐकतेय, हितंच तुटतं. तिची बोटं थांबली न्हाईत. पुढं गेली. आखूड, आखूड, लांब, असं वळन घिऊन सरळ खालपातूर आली, पान्यानं उतारानं यावं तशी. आनि शेवटाला तळव्याची एक थाप. पत्रा दनकला.

पुढलं तिला कुठनं म्हाईत?

तिनं हात आत घेतला, मांडीखाली दाबला. कालच्यावानी. उन्हं हुती.

तवा माझ्याकडं बघितलं. मी बी बघितलं. कंडक्टरनं घंटी मारली.

फाट्यावरनं घरापातूर कशी आले ते ठावं न्हाई. गोरख उठून चुलीम्होरं बसला हुता, भोगीची शिळी भाजी भाकरीबरं खात हुता, हावऱ्यावानी. मी परात घिऊन पीठ मळायला बसले. त्यानं ईचारलं, "गेल्या का त्या? जाताना काय म्हनल्या?"

मी म्हनलं, "म्हनल्या, तुझ्या आईची भाजी लई खारट हुती."

त्यो हसला. तोंडात घास हुता, ठसका लागला, तरी हसला. मी बी हसले. पिठातनं हात काढला न्हाई. बोटं आपनहून परातीवर जायला बघत हुती, ती दाबून धरली.